कोरड्या चकतीवरचा शेंदूर

डॉ. टेंबेबाईंनी पांढऱ्या कापसाचा बोळा यंत्राच्या दांडीमागच्या खाचेत घातला, गोल फिरवला आणि बाहेर काढला. बोळा केशरी झाला होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी मोजकीच माणसं होती. आमचे प्राचार्य, दूध डेअरीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे दोन साहेब, माझे मार्गदर्शक हुपरीकर सर आणि मी. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडून ठेवलेला होता. प्राचार्यांनी एक पेढा तोंडात टाकलाही होता.

"गंज असेल," ते पेढा गालात सरकवत म्हणाले.

बाईंनी बोळा नाकाशी नेला. "गंजाला तेलाचा वास येत नाही, सर."

कंपनीच्या एका साहेबानं वाकून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "अहो, हा तर शेंदूर! आमच्या गावच्या मारुतीला असतो तसला!"

कुणीच हसलं नाही, तेव्हा तोही थांबला. मी हुपरीकर सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. संतापानं उतरला असावा, असं मला वाटलं.

गोष्ट हसण्यासारखी का नव्हती, ते सांगायला हवं. आमचं सगळं संशोधन तेल नसण्यावर उभं होतं. दुधाच्या, चीजच्या यंत्रांमध्ये फिरणाऱ्या भागांना तेल द्यावं लागतं, आणि ते कधी ना कधी दुधात उतरतं. तेव्हा तेल न लागताच घसरणारं पोलाद करायचं, हा सरांचा ध्यास होता. पोलादाच्या चकतीवर लेझरनं केसाहून बारीक खळगे पाडायचे, वर कोरडा लेप द्यायचा, मग ती चकती यंत्रात बसवून फिरवायची. वरून दांडीला लावलेली एक टोकदार पिन चकतीवर दाबून धरायची. पिन किती अडते, तो घर्षणाचा आकडा पडद्यावर दिसतो. जितका लहान आकडा, तितकं आमचं नशीब मोठं.

पण आकडा काही केल्या उतरत नव्हता. लेप बदलले, खळग्यांचा आकार बदलला, यंत्राची मिनतवारी केली. सरांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या नावावर या विषयातलं असं एकही काम नव्हतं, की ज्याकडे बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणता येईल. आणि मग दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही यंत्र सुरू केलं, तर आकडा धाडकन खाली आला. पुन्हा घेतला, तरी खालीच. सर खुर्चीत मटकन बसले. एरवी ओठ मुडपून बोलणारा तो माणूस त्या दिवशी शिपायालाही स्वतःच्या हातानं चहा देत होता. दिवाळी सरली न सरली तोच कंपनीचे लोक आणि पुण्याहून तज्ज्ञ म्हणून टेंबेबाई येऊन दाखल झाल्या.

टेंबेबाईंना पहिल्या फेरीत आकडा सुंदरच मिळाला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या म्हणाल्या, "सगळं खोलून, पुसून एकदा पुन्हा घेऊ." ते पुसताना हा बोळा निघाला.

आता त्यांनी दांडी, पिन, चकती, सगळं रसायनानं धुतलं. यंत्र सुरू केलं. आकडा वर चढत गेला आणि दसऱ्याच्या आधी जिथे अडून बसायचा, तिथेच जाऊन बसला.

"तेल खळग्यांत मुरलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून घसरत होतं. तुमच्या लेपाचा यात काही गुण नाही."

"हे आपोआप होतं का?" प्राचार्यांनी विचारलं.

"तेल आपोआप कुठून येणार?"

"प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"सरांकडे," मी म्हणाले, "आणि माझ्याकडे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सरांवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं. हुपरीकर सर म्हणजे आमच्या कॉलेजातले कट्टर बुद्धिवादी. खंडेनवमीला सगळ्या वर्कशॉपमध्ये लेथला, ड्रिलला झेंडूच्या माळा चढायच्या, नारळ फुटायचे, पेढे वाटले जायचे. सर मात्र आपल्या प्रयोगशाळेला कुलूप ठोकायचे. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती: 'इथे फक्त मोजमापावर विश्वास ठेवला जातो.' वर्कशॉपचे लोक त्यांना मागं 'नास्तिकमहाराज' म्हणत.

"कोरडं म्हणून तेल लावून दाखवायचं, म्हणजे सरळ फसवणूक आहे," प्राचार्य म्हणाले. "शनिवारी माझ्या केबिनमध्ये या. टेंबेबाई, तुम्हीही थांबा कृपा करून."

सर त्या केशरी बोळ्याकडे बघत उभे होते. पेढ्यांचा बॉक्स मीच बंद केला. मी काही केलेलं नव्हतं, तरी झाकण चोरासारखं आवाज न करता लावलं.

बसमध्ये बसल्यावर मला एकदम हौसाआत्या आठवली.

हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली, वडील बारा महिने ट्रकवर. मला वाढवलं ते आत्यानं. ती एका फाउंड्रीत कामाला होती. ओतकामाच्या साच्यात वाळूचे गाभे बसवावे लागतात, ते वाळूत राळ मिसळून तयार करायचं काम तिथे बायकाच करतात. काळी वाळू तिच्या केसांत, नखांत, चपलांत कायम असायची. त्यात तिचं बोलणं अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. कॉलेजात आल्यावर मी हळूच 'येते, जाते' म्हणायला शिकले होते. आत्या चार लोकांत बोलू लागली की माझे कान तापायचे.

खंडेनवमीला सकाळी मी सुट्टीआधी चकती बसवून ठेवायला प्रयोगशाळेत गेले, तेव्हा ती सोबत आली होती. तिथूनच पुढे तिची फाउंड्री. हातात पूजेचं ताट, त्यावर रुमाल. मी शेजारच्या खोलीतून चकत्या घेऊन परत आले, तर ही यंत्रासमोर उभी. ताटावरचा रुमाल बाजूला आणि शेजारी खिडकीत काढून ठेवलेल्या पानाच्या द्रोणात तेलात कालवलेला शेंदूर.

"वृशे, लावू का गं हिला? कवापासनं अडून बसलीया म्हणतीस."

"आत्या, नको! इथं असलं चालत नाही."

"बोटभर तर लावतो. आमच्यात सगळ्या मशिनींना लावत्यात."

नेमके तेव्हाच सर दारात आले. त्यांनी ताट पाहिलं, आत्याला पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसले. "बाई, या यंत्राला शेंदूर लागत नाही, वीज लागते."

बोलणं सौम्य होतं, पण मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्या गोंधळली. ताटावर रुमाल ओढून, "व्हय, व्हय, चुकलं," असं पुटपुटत बाहेर पडली. सर मला म्हणाले, "तूही जा. सणाचा दिवस आहे, मी कुलूप लावतो." मी निघाले. वाटेत आत्याशी एक शब्द बोलले नाही.

म्हणजे मी चकत्या आणायला गेले, तेवढ्यात तिनं शेंदूर लावला होता आणि वर पुन्हा साळसूदपणे विचारलं होतं, हे मला आता लख्ख दिसायला लागलं.

घरी आले तेव्हा ती ओट्याशी बसून रॉकेलच्या चिंधीनं बोटांना चिकटलेली राळ काढत होती.

"आत्या, खरं सांग. खंडेनवमीला मी आत गेले, तेव्हा तू मशीनला शेंदूर लावलास ना?"

तिनं वर पाहिलं. "का गं? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलेही. ती ऐकत राहिली.

"लावला आसंल तर मला काय करतील?"

"तुला काय करणार? हसतील. अडाणी बाई म्हणतील आणि सोडून देतील."

"आनि तुला?"

"मी सुटेन. नकळत घडलं म्हणतील."

"आनि मी लावला नसंल तर?"

"तर मग मीच लावला असं ठरेल. पीएचडीतून नाव काढतील. असला डाग लागल्यावर मला कोण उभं करणार? आजवर केलं ते सगळं पाण्यात."

तिनं चिंधी पुन्हा रॉकेलात बुडवली. अंगठ्याचं नख कितीतरी वेळ घासत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली.

तिनं कबूल केलं, असंच मी धरून चालले. तिच्यावर ओरडावं असं फार वाटलं, पण ज्या बाईनं मला न्हाऊमाखू घालून मोठं केलं, तिच्यावर ओरडणार तरी कशी? मी एवढंच म्हणाले, "शनिवारी मीच सांगेन त्यांना. तू तिथं येऊ नकोस."

"न्हाई येत," ती म्हणाली.

शनिवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी उभीच होते. प्राचार्य, टेंबेबाई आणि सर बसले होते. सरांनी दाढी केलेली नव्हती, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. इतकी वर्षं लेकीसारखं वागवणारा माणूस मला चोर समजतो आहे, याचंच मला सगळ्यात जास्त दुःख होतं.

"बोल," प्राचार्य म्हणाले. "शेंदूर कुणी लावला?"

'माझी आत्या फाउंड्रीत काम करते' इथून सुरुवात करायची होती, आणि तेच वाक्य जिभेवर येत नव्हतं.

दार ढकलून शिपायानं मान आत घातली. "साहेब, एक बाई आल्यात. ऐकत न्हाईत."

त्याला बाजूला सारून आत्या आत आली. ती थेट कामावरून उठून आली होती. साडीवर फाउंड्रीचा निळा डगला, कपाळावर घाम, आणि प्राचार्यांच्या गालिच्यावर तिच्या चपलांची काळी वाळू उमटत गेली.

"मी हिची आत्या. त्यो शेंदूर मी लावला. पोरीला कायबी म्हाईत न्हाई."

मी मान खाली घातली. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात; माझं उलटं झालं, मस्तकातली सगळी आग तळपायात उतरली आणि पाय जागचे हलेनात. गालिच्यावरची ती वाळू सोडून मला दुसरं काही दिसत नव्हतं.

प्राचार्य खुर्चीत रेलले. त्यांची सुटका झाल्यासारखी दिसली. "काय हो बाई, शेंदूर लावायला कोल्हापुरात देवळं कमी पडली काय?"

"चुकलं, साहेब. पोरीचं काम अडलंया, म्हनून लावला. तिनं तर नको म्हटल्यालं. ती आत गेली तवा लावला."

"कुठे लावलात नेमका?" टेंबेबाईंनी विचारलं.

आत्यानं डगल्याला हात पुसले. "फुडं. कपाळाला."

"यंत्राला कपाळ असतं वाटतं!" प्राचार्य हसले.

टेंबेबाई हसल्या नाहीत. "पण मला तर दांडीच्या मागच्या बाजूला सापडला."

"मागं लावला आसंल मग. मी काय शिकल्याली हाय व्हय, साहेब? मला मशीनचं फुडचं-मागचं काय कळतंय?"

"जाऊ द्या हो, टेंबेबाई," प्राचार्य म्हणाले. "अडाणीपणानं झालं. बाई, तुमच्या या भक्तीपायी कॉलेजचं नाव जायची वेळ आली होती. सरांची माफी मागा, म्हणजे हा विषय इथे मिटला."

आत्यानं चपला काढल्या. काळे पडलेले हात जोडले आणि ती सरांच्या पायाशी वाकली. "सर, तुमच्या येवढ्या कामाची माती केली मी. पोरीवर राग धरू नका."

सरांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"नको," ते म्हणाले. "बाई, नको. उठा."

"तुम्ही माफ केलं म्हना, मग उठतो."

सर उभे राहिले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "तो शेंदूर मी लावला."

प्राचार्यांना वाटलं, सर बाईला सांभाळून घेताहेत. "हुपरीकर, तुम्ही कशाला उगाच..."

"मी लावला. या गडबडीनं गेल्या आणि यांचा द्रोण खिडकीत राहिला. वृषालीही गेली. मी एकटाच होतो." त्यांचा आवाज चिरकत होता. "उद्यमनगरात आमच्या वडिलांचं लेथचं दुकान होतं. खंडेनवमीला लेथला शेंदूर लावायचा मान माझा असायचा. पुढे शिकलो आणि सोडलं ते सगळं. त्या दिवशी द्रोण समोर दिसला. यंत्र इतके दिवस हटून बसलेलं. बोट गेलं. कुणी बघू नये म्हणून दांडीच्या मागं लावला. आणि लावल्या लावल्या इतकी लाज वाटली, की लगेच रुमालानं पुसून टाकला. पुसला म्हणजे गेला, असं मी समजलो. तेल खाचेत उतरलं, तिथून पिनेवरून चकतीवर गेलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आकडा उतरला, तेव्हासुद्धा आलं नाही. खरंच आलं नाही."

"आणि परवा बोळा केशरी निघाला, तेव्हा?" टेंबेबाईंनी विचारलं.

"तेव्हा आलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? या मुलीचं सगळं जात होतं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "फसवणूक केली म्हणतील, याची मला भीती नव्हती, बाई. लोक हसतील, याची होती."

हे बोलून ते खाली बसले आणि चष्मा काढून हातात धरून राहिले. त्या माणसाचं मी अक्षरन् अक्षर गिरवलं होतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी आत्याकडे पाहिलं. ती अजून गालिच्यावरच बसली होती आणि चपला शोधत होती.

माझं नाव राहिलं. सरांनी स्वतःहून लवकर निवृत्ती घेतली, आणि पुढचं काम मी टेंबेबाईंच्या हाताखाली पुरं केलं. सर त्यानंतर मला एकदाच महाद्वार रोडला दिसले. मी हाक मारणार तोच ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आज मी स्वतः मुलांना घर्षण शिकवते आणि दर वर्षी यंत्र खोलून पुसायला लावते. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजच्या फाटकाबाहेर बसथांब्यावर येऊन उभ्या राहिलो. आत्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोट घेतला आणि माझ्यापुढे धरली.

"आत्या, तू लावला नव्हतास."

"न्हाई."

"मग परवा घरी तसं सांगितलं का नाहीस?"

"तू इच्यारत कुठं हुतीस? तू तर धरूनच बसल्यालीस." ती हे अगदी सहज म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे. "म्हटलं, हिलाच खरं वाटतंया, मंग त्यास्नी बी वाटंल."

"पण त्या बाईंनी कुठं लावला विचारलं, तेव्हा? पकडली गेली असतीस."

"गेलोच हुतो की पकडला. पन तुझ्याकडं बघितलं, आनि म्हटलं, जमलं." तिनं बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "कशी मान खाली घातली हुतीस गं तू! खोटं आसतं तर येवढी लाज कुनाला वाटतीया? त्या परन्सिपलला माझ्या बोलन्यानं न्हाई पटलं, वृशे. तुझ्या तोंडाकडं बघून पटलं."

मी तिथेच थांब्याच्या खांबाला धरून रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. कॉलेजची मुलं येता-जाता थबकून पाहू लागली.

आत्यानं डगल्याच्या टोकानं माझे डोळे पुसले. वाळू गालाला खरखर लागली. मग ती माझ्यापासून दोन पावलं लांब सरकून उभी राहिली.

"गप बघू आता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या कालेजातली पोरं बघत्यात. मी हितं बाजूला हुबा ऱ्हातो, म्हंजे तुझ्यासंगं हाय आसं वाटायचं न्हाई."